रोजचं इंग्रजी: आधी क्रियापदं, मग कॅन-कुड-शुड, आणि कुठे काय चुकतं

इंग्रजी शिकायला बसणारे बहुतेक जण दोन कामं हमखास करतात. रोज पन्नास शब्द पाठ करायची यादी डाउनलोड करतात, आणि वहीच्या मागच्या पानावर तक्ता लिहितात की कॅन म्हणजे शकणे, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच, मे म्हणजे कदाचित, झालं. महिनाभराने यादीतले शब्द दिसले की ओळखू येतात पण तोंडात येत नाहीत, आणि तक्त्यातून "इट कॅन रेन टुडे" नाहीतर "आय कॅन एबल टू कम" असली वाक्यं बाहेर पडतात. दहावी-बारावीला मॉडल ऑक्झिलरीचं, म्हणजे कॅन, शुड, मस्ट असल्या सहाय्यक क्रियापदांचं, फंक्शन ओळखून मार्क मिळवलेले असतात त्यामुळे ऑब्लिगेशन, पॉसिबिलिटी ही नावं पाठ असतात, पण साहेबांना "उद्या जरा उशिरा आलो तर चालेल का" हे इंग्रजीत विचारायचं म्हटलं की गाडी अडते ती अडतेच.

चूक मेहनतीत नाहीये, क्रमात आहे. आपण इंग्रजी शब्दापासून सुरू करून मराठी अर्थाकडे जातो आणि बोलताना प्रवास नेमका उलटा असतो. म्हणून खाली सगळं मराठीकडून इंग्रजीकडे लावलंय. रोज अर्धा तास पुरतो, पण पायऱ्या गाळू नका.

तयारी

एक साधी दोनशे पानी वही, पान मधोमध दुमडून दोन रकाने. मोबाइलमधला रेकॉर्डर. आणि डिक्शनरी अशी घ्या की जिच्यात प्रत्येक शब्दाखाली वापराची वाक्यं असतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांच्याही शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट आहेत. नुसता मराठी अर्थ देणारं ॲप घेतलंत तर दुसऱ्या पायरीलाच अडकाल, का ते तिथे कळेल.

व्याकरणाचं पुस्तक सध्या कपाटातच राहू द्या.

पायरी १: आपलीच वाक्यं जमवा

आठवडाभर फक्त एवढंच करायचं. दिवसभरात आपण जे मराठीत बोलतो त्यातली आठ-दहा वाक्यं रात्री वहीच्या डाव्या रकान्यात लिहायची, जशी बोललो तशीच. उदाहरणार्थ:

"गॅस संपत आलाय, नंबर लावायला पाहिजे."
"आज डबा नको, बाहेरच खाईन."
"पाऊस येईल बहुतेक, कपडे आत घे."
"त्यांना फोन केला होता, उचलला नाही, गाडीत असतील."
"मला आज लवकर निघावं लागेल."

उजवा रकाना कोरा. इंग्रजी अजून लिहायचं नाही, हात शिवशिवले तरी नाही. आणि वाक्याचं शेवटचं टोक नीट उतरवा, "जावं लागेल", "जायला हवं होतं", "जाऊ का", "जायचो". पुढे मॉडल निवडायचं ते याच टोकावरून, त्यामुळे "जाणे" एवढंच लिहून ठेवलंत तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही.

सावधान: "सूर्य पूर्वेला उगवतो" छाप पुस्तकी वाक्यं लिहू नका. शेवटचं कधी म्हणाला होतात ते?

पायरी २: नामं सोडा, क्रियापदं पकडा

मराठी माणसाला इंग्रजी नामं शेकड्याने येतात, त्याला वाटतं येत नाहीत एवढंच. फॅन, बेसिन, पाइप, सिलिंडर, चार्जर, सिग्नल, तिकीट, डिपॉझिट, बिल, रिपोर्ट. अडतं ते क्रियापदाला. बेसिन माहितेय पण बेसिन "तुंबलंय" हे येत नाही, दूध माहितेय पण "उतू गेलं" येत नाही. आणि रोजच्याला क्रियापदं लागतात किती? चार्ल्स ऑग्डेनने १९३० साली बेसिक इंग्लिश म्हणून ८५० शब्दांची यादी केली होती त्यात क्रियापदं अवघी १८ होती, कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक, मेक, कीप, लेट वगैरे, आणि त्यात मे आणि विलसुद्धा धरलेले. तेवढ्यावर सगळं भागत नाही, पण भार कशावर द्यायचा ते यावरून कळतं.

आता पहिल्या पायरीतलं एकेक वाक्य घ्या आणि त्यातलं क्रियापद शोधा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो कारण मराठीत एकच क्रियापद दहा कामं करतं. "लावणे" घ्या. दार लावणे क्लोज, कुलूप लावणे लॉक, दिवा लावणे टर्न ऑन, गजर लावणे सेट द अलार्म, झाड लावणे प्लांट, मलम लावणे अप्लाय किंवा पुट ऑन, कुकर लावणे पुट द कुकर ऑन, शर्टाची बटणं लावणे डू अप, उगाच वेळ लावणे टेक टू लाँग, रांगेत नंबर लावणे गेट इन लाइन आणि गॅसचा नंबर लावणे मात्र बुक. नुसता अर्थ देणारं ॲप "लावणे"ला एकच काहीतरी दाखवतं आणि आपण तेच सगळीकडे चिकटवतो. म्हणून वहीत सुटं क्रियापद लिहायचंच नाही, "गजर लावणे = सेट द अलार्म" असं जोडीनेच लिहायचं. "मारणे"चं पान असंच करा: झाडू मारणे स्वीप, गप्पा मारणे चॅट, उडी मारणे जंप, शिट्टी मारणे व्हिसल. "काढणे" आणि "घालणे" यांची पानं तुमची तुम्ही करा, भरतील.

दुसरा घोळ "करणे"चा. फॅन ऑफ कर यातलं कर गाळून लोक "ऑफ द फॅन" म्हणतात, तिथे टर्न ऑफ किंवा स्विच ऑफ हवं. आंघोळ करणे हॅव किंवा टेक अ बाथ, चूक करणे मेक अ मिस्टेक, गृहपाठ करणे डू होमवर्क. गोळी आपण खातो, इंग्रजीत टेक.

घरातली काही देऊन ठेवतो: तुंबणे गेट ब्लॉक्ड, गळणे लीक, सांडणे स्पिल, उतू जाणे बॉइल ओव्हर, गाळणे स्ट्रेन, कपड्यांची घडी घालणे फोल्ड, मुलांना शाळेत सोडणे ड्रॉप ऑफ, आणायला जाणे पिक अप.

आणि जे इंग्रजी शब्द आपण मराठीत वेगळ्या अर्थाने वापरतो त्यांच्यावर वहीत लाल खूण करा. हॉटेलात आपण जेवतो, बाहेर त्याला रेस्टॉरंट म्हणायचं, नाहीतर समोरचा विचारेल की मुक्काम किती दिवस. "लाइट गेली" म्हणजे पॉवर गेलेली असते. डिकी आणि स्टेपनी हे तर भारताबाहेर सहसा कुणाला कळणारच नाहीत, बूट किंवा ट्रंक आणि स्पेअर टायर म्हणा.

पाठांतराचा नियम एकच, उजवा रकाना हाताने झाकायचा आणि डावा वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं. उलटं केलंत, म्हणजे इंग्रजी वाचून मराठी अर्थ आठवलात, तर शब्द ओळखायला येईल, बोलायला नाही. उजळणी त्याच रात्री, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. रोज आठ-दहा जोड्या पुष्कळ झाल्या.

चेक: भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, गाडी काढताना जे करताय ते इंग्रजीत बोलून बघा. दहातल्या सात कामांना क्रियापद सुचलं की पुढे सरका, त्याआधी नको.

पायरी ३: मॉडलचा साचा, अर्थ नंतर

मॉडल मोजून नऊ. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. अर्थात शिरण्याआधी यांची वागणूक अंगवळणी पाडा, कारण ती नऊही जणांची सारखी आहे.

यांच्यापुढे क्रियापद उघडंबोडकं येतं. टू नाही, एस नाही, आयएनजी नाही, ईडी नाही. "यू मस्ट टू कम" चूक, "ही कॅन स्पीक्स" चूक. ही असो शी असो दे असो, मॉडल बदलत नाही. प्रश्न करायला मॉडल फक्त पुढे आणायचं, "कॅन यू कम", डू किंवा डिड घ्यायचं नाही, त्यामुळे "डिड यू कुड" हा प्रकार बंद. नकारात नॉट जोडायचं. आणि दोन मॉडल शेजारी बसत नाहीत, "आय विल कॅन" होत नाही, तिथे "आय विल बी एबल टू". यावरूनच "कॅन एबल टू" का चूक ते कळेल, कॅन आणि एबल टू ही एकच गोष्ट आहे, एक घ्या.

हॅव टू या टोळीतला नाही. तो साध्या क्रियापदासारखा बदलतो, शी हॅज टू, आय हॅड टू, आणि त्याला डू लागतं, "डू आय हॅव टू साइन".

दुसऱ्या पायरीतली कुठलीही पाच क्रियापदं घ्या आणि नऊ मॉडलांतून फिरवा, साधं, नकार, प्रश्न. कंटाळवाणं आहे, माहितेय. तीन-चार दिवस करा आणि सोडा.

पायरी ४: मराठी वाक्याच्या टोकावरून मॉडल निवडा

हा खरा मुद्दा, इथे घाई नको. दिवसाला एकच टोक घ्या.

"शकतो" आणि "येतं". "मी उचलू शकतो", "मला पोहता येतं", दोन्हीला कॅन. पण "आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो" यात ताकदीचा काही संबंध नाही, शक्यता आहे, तिथे मे किंवा माइट. मात्र "कोकणात जूनमध्ये धो धो पाऊस पडू शकतो" ही आजची गोष्ट नसून तिथली रीतच आहे, तिथे कॅन चालतो. म्हणजे स्वतःला विचारायचं, ताकद, रीत, की या वेळची शक्यता? "मला उद्या येता येणार नाही" याला "आय वोन्ट बी एबल टू कम" किंवा सरळ "आय कान्ट कम टुमारो", दोन्ही बरोबर.

"पाहिजे" आणि "हवं". मागे क्रियापद असेल तर शुड, "तू डॉक्टरला दाखवायला पाहिजे". मागे वस्तू असेल तर मॉडलच नाही, वाँट, आणि बाहेर कुणाकडे मागताना "आय'ड लाइक". "करू नये" म्हणजे शुड नॉट.

"लागतं, लागेल, लागलं". रोजच्या बोलण्यात हे सगळ्यात जास्त येतं आणि तक्त्यात हेच नसतं. सगळीकडे हॅव टू: लागतं हॅव टू, लागेल विल हॅव टू, लागलं हॅड टू. लोक इथे मस्ट घालतात. मस्ट म्हणजे बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह किंवा पाटीवरचा नियम, आणि "काल जावं लागलं" याला मस्ट चालतच नाही, हॅड टूच लागतो.

सावधान, ही चूक महागात पडते: "करायची गरज नाही" म्हणजे डोन्ट हॅव टू. "करायचंच नाही" म्हणजे मस्ट नॉट. मराठीत दोन्हींत "नाही" आहे म्हणून सरमिसळ होते. "यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅब्लेट" म्हणजे नाही घेतली तरी चालेल. "यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट" म्हणजे घ्यायचीच नाही. घरात पेशंट असेल तर आधी हेच पाठ करा, बाकीचं नंतर.

"असेल". इथे मराठी एकाच शब्दात काम भागवते आणि इंग्रजीत आपली खात्री किती ते सांगावं लागतं. चपला दारात आहेत, टीव्हीचा आवाज येतोय, तर "ही मस्ट बी ॲट होम". काहीच माहीत नाही, तर "ही मे बी" किंवा "माइट बी". आणि गाडीही नाही, दाराला कुलूप, "नसणारच घरी" याला साधं आणि सुरक्षित म्हणजे "ही कान्ट बी ॲट होम".

"येऊ का, करू का". परवानगी मागताय तर मे आय किंवा कॅन आय. स्वतःहून पुढे होताय, "चहा टाकू का", तर शॅल आय. आणि "...तर चालेल का" याला "वुड इट बी ओके इफ आय" हा तुकडा आख्खाच पाठ करा. साहेबांना विचारायचं ते वाक्य असं होतं: "वुड इट बी ओके इफ आय केम अ लिटल लेट टुमारो". पुढे कम नाही, केम, हे एवढं लक्षात ठेवा.

"देता का जरा". मराठीत मान कुठे ठेवायचा ते ठरलेलं आहे, तुम्ही, आपण, शेवटचा "ता", आणि मधला "जरा". इंग्रजीत समोर आजोबा असोत की शेजारचा पोरगा, यूच. मग मान जातो कुठे, तर कुड आणि वुडमध्ये. "गिव्ह मी द फॉर्म, प्लीज" ही प्लीज लावलेली ऑर्डरच आहे. "कुड यू गिव्ह मी द फॉर्म" म्हटलं की ती "देता का जरा" होते. आपली माणसं मनाने उद्धट नसतात, पण हे एक न केल्यामुळे मेलमध्ये उद्धट वाटतात, आणि मग ते झाकायला "काइंडली डू द नीडफुल" लिहितात, ज्यातून नक्की काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

जाता जाता वुडबद्दल. "आय वुड बी कमिंग टुमारो" असं ऑफिसात सर्रास लिहितात कारण ते जास्त नम्र वाटतं. उद्या येणार हे पक्कं असेल तर विल. वुड आलं की वाचणारा विचारतो, येणार होता पण काय झालं?

चेक: पहिल्या पायरीच्या वहीतली वीस वाक्यं काढा, टोकाखाली रेघ मारा, उजव्या रकान्यात इंग्रजी लिहा. कुठे शंका आली तर डिक्शनरीत त्या मॉडलखालची उदाहरणं वाचा, त्याची व्याख्या नको.

पायरी ५: झालेल्या गोष्टी

चौथी पायरी पक्की नसेल तर इथे येऊ नका, सगळं एकमेकांत मिसळतं.

साचा एकच आहे, मॉडल, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप. जायला हवं होतं शुड हॅव गॉन. गेलो असतो वुड हॅव गॉन. जाऊ शकलो असतो कुड हॅव गॉन. गेला असेल, खात्री आहे तर मस्ट हॅव गॉन, नाही तर मे हॅव गॉन. ही असो शी असो, इथे हॅव कधीच हॅज होत नाही आणि हॅडही होत नाही. "शुड हॅड गॉन" हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. बोलताना हे "शुडव्ह" असं ऐकू येतं म्हणून काही जण त्याचं स्पेलिंग ऑफसारखं करतात, ते चूक, हॅवच आहे.

"जायचो, करायचो" ही जुनी सवय, त्याला यूज्ड टू.

एक सापळा. "काल शेवटची लोकल पकडता आली" याला "आय कुड कॅच" म्हणू नका. एकदाच घडलेली, जमलेली गोष्ट असेल तर "वॉज एबल टू" किंवा "मॅनेज्ड टू". जमलं नसेल तर मात्र "कुडन्ट कॅच" बिनधास्त. लहानपणी झाडावर चढता यायचं, अशी कायमची क्षमता असेल तर कुड चालतं.

पायरी ६: कान आणि तोंड

कुड, वुड, शुड यांतला एल उच्चारायचा नाही. मसन्ट म्हणजे मस्ट नॉट जोडून, त्यातला पहिला टी पण नाही. कॅन वाक्याच्या मध्ये असेल तर तो पुसट होतो, "आय कन् कम" असा, आणि जोर कमवर जातो. नकारात जोर कान्टवर जातो, अमेरिकन असेल तर कॅन्ट. आपण होकारातही कॅनवर दणकून जोर देतो, मग समोरच्याला फोनवर कळत नाही की येतोय की येत नाही. उपाय सोपा, दहा वाक्यं होकारात, तीच नकारात रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐका आणि कुठलं कुठलं ते ओळखा. स्वतःलाच ओळखू आलं नाही तर परत.

पायरी ७: वापरायच्या जागा

रोज एक खरं काम इंग्रजीत. कस्टमर केअरला फोन लावताना इंग्रजीचा पर्याय दाबा. सुट्टीचा मेल स्वतः लिहा. वाचायला औषधाच्या खोक्यातला कागद घ्या, त्यात शुड, मस्ट नॉट, मे कॉज भरपूर सापडतात.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आपलंच लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट काढा. त्यात "द लायसन्सी शॅल" जागोजागी असतं, लायसन्सी म्हणजे भाड्याने राहणारे तुम्ही. बोलण्यातला शॅल वेगळा, करारातला शॅल म्हणजे बंधनकारक, करावंच लागेल. आणि मे असेल तिथे मुभा आहे. शॅलखाली लाल रेघ, मेखाली निळी रेघ मारत आख्खं ॲग्रीमेंट वाचा, इंग्रजी तर होईलच शिवाय डिपॉझिट कधी परत मिळायचं तेही एकदाचं कळेल.

अडलात तर मागे कुठे जायचं? शब्दच सुचत नसेल तर दुसरी पायरी. शब्द सुचतोय पण वाक्य वाकडं होतंय, टू आणि एस घुसतायत, तर तिसरी. वाक्य बरोबर पण समोरचा दुखावला किंवा भलताच अर्थ लावला, तर चौथी. सगळं बरोबर पण "पार्डन?" ऐकू येतंय, तर सहावी.

घरात दहावीचं मूल असेल आणि त्याला फंक्शनचे प्रश्न येत नसतील तर त्याला ते वाक्य आधी बोलीत मराठीत सांगायला लावा. "शकतो, येतं" निघालं आणि ताकदीची गोष्ट असेल तर ॲबिलिटी, शक्यतेची असेल तर पॉसिबिलिटी. "येऊ का" निघालं तर परमिशन, "पाहिजे" निघालं तर ॲडव्हाइस, "लागेल" किंवा "पाहिजेच" निघालं तर ऑब्लिगेशन, "देता का" निघालं तर रिक्वेस्ट.